चुंबकाविना चाळणी

इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचा फिरकीसारखा अंगभूत गुणधर्म, ‘वर’ असतो किंवा ‘खाली’. एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगळे काढायला सहसा चुंबकीय पदार्थ लागतो. १९९९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या रॉन नामान यांच्या गटाला मात्र कायरल रेणूंच्या, म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असणाऱ्या रेणूंच्या, पातळ थरातच ही निवड होताना दिसली. २०११ मध्ये सोन्यावर बसवलेल्या दुपेडी डीएनएतून आलेल्या इलेक्ट्रॉनांचं स्पिन-ध्रुवीकरण, म्हणजे एकाच स्पिनकडे असलेला कल, ६० टक्क्यांवर गेलं. तेही खोलीच्या तापमानाला! कार्बनसारख्या हलक्या अणूंकडून एवढी अपेक्षाच नव्हती. या निवडीचं समाधानकारक गणित अजून जुळलेलं नाही, पण वापर थांबला नाही. २०२१ मध्ये कायरल पेरोव्स्काइट या स्फटिकाचा थर स्पिनची चाळणी म्हणून वापरून चुंबकाशिवाय वर्तुळ-ध्रुवित प्रकाश देणारा एलईडी तयार झाला.