बर्फावर लाल शाई नसते

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना जे गाळलं, ते इथे भरून घेतलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "तू ते बर्फावरचं काहीतरी करतेस ना, त्यावर बोल. सॉफ्टवेअरवर नको. निम्मा वर्ग आयटीत आहे, सगळे झोपतील." म्हणून आज बर्फावरचं काहीतरी.

काल रात्री पंगतीत दोघींनी विचारलं, "गुलमर्गला दरवर्षी जाऊन तू करतेस तरी काय? आम्हीही केबल कारमध्ये बसून, फोटो काढून आलोय." ती केबल कार, तिला तिथे गोंडोला म्हणतात, दोन टप्प्यांत वर जाते. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत. तिथे मॅगी, चहा, भाड्याचे गमबूट आणि मागे लागणारे स्लेजवाले. तुमचे फोटो तिथलेच असणार. दुसरा टप्पा २००५ साली सुरू झाला. तो अफरवटच्या धारेजवळ, जवळजवळ ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर थोडं उरतंच. तिथे दार उघडलं की पहिली पाच मिनिटं कुणी बोलत नाही. श्वासच पुरत नाही.

गोंडोलाखालच्या पट्ट्यावर गस्तीपथकाचं लक्ष असतं. धोका वाटला तर ते तो भाग बंद ठेवतात. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना नुसता डोंगर. यंत्राने दाबून केलेली वाट नाही, झेंडे नाहीत, जाळी नाही. रात्री जसा पडला तसा कोरडा, पिठासारखा बर्फ, कधी गुडघाभर, कधी मांडीभर. त्यावरून स्की करत खाली यायचं. याला ऑफ-पिस्ट म्हणतात, आणि त्या बर्फाला पावडर.

मी पहिल्यांदा स्की पायात घातली ती अडतिसाव्या वर्षी. पहिले दोन हिवाळे तळाच्या उतारावर गेले. शेजारून सहा-सात वर्षांची काश्मिरी पोरं सुसाट जायची आणि वळून बघायची, ही बाई अजून इथेच कशी. वर नेणारे आमचे प्रशिक्षक टंगमर्गजवळच्या गावचे. वय साठीच्या आसपास. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही तेच म्हणते. नाव छापू नका, असं त्यांनीच सांगितलंय.

पावडरमध्ये आधीचं शिकलेलं बरंचसं विसरावं लागतं. दाबलेल्या बर्फावर वळताना बाहेरच्या पायावर भार द्यायचा, हे दोन वर्षं घोकलेलं. पावडरमध्ये तसं केलं की भार दिलेली स्की खोल बुडते, दुसरी वर तरंगते आणि माणूस मधोमध फाटतो. इथे भार दोन्ही पायांवर, पाय जवळ, दोन्ही स्की मिळून एकच फळी. दुसरी खोड म्हणजे मागे रेलणं. भीती वाटली की शरीर आपोआप मागे जातं. पाच वळणांत मांड्या पेटतात आणि मग स्की आपलं ऐकत नाहीत.

उस्तादांनी पहिल्या दिवशी मला वळूच दिलं नाही. सौम्य उतारावर सरळ खाली जायचं आणि जाता जाता पायांनी हलकेच दाबायचं, गादीवर उड्या मारणाऱ्या पोरासारखं. दाबलं की बर्फ आधी खचतो, मग परत वर उचलतो. दहा-बारा वेळा केल्यावर तो उचलण्याचा क्षण पायांना कळायला लागला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता त्या क्षणी वळ. वळले! लहानपणी कृष्णेच्या घाटावर पाठीला डबा बांधून आपल्याला पाण्यात ढकलायचे ते आठवतंय? हातपाय झाडणं थांबवलं की पाणी धरतं, हे ज्या दिवशी कळलं, तसाच तो दिवस होता. आवाज जवळजवळ नसतो. वेग असतो, पण तो टोचत नाही. एवढ्यासाठी मी वर्षभराची रजा साठवते.

पडले तर अर्थात खूपदा. एकदा पडताना एक स्की सुटली. पाऊण तास मी खालच्या बाजूला बर्फ उकरत होते. उस्ताद वर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, आप नीचे आई हैं, स्की नहीं आई।" सुटलेली स्की बर्फात रुतून बसते, माणूसच घरंगळत पुढे येतो. ती मी पडले त्याच्या वर, हातभर खोल, आडवी पडली होती.

इथपर्यंतचं शिक्षण आपल्या ओळखीचं आहे. चूक केली की पडतो. गणिताच्या बाई आज समोरच बसल्या आहेत. त्यांच्या लाल शाईसारखंच हे. चुकलं तिथे गोल, बाजूला शून्य, कुठे चुकलं ते लगेच कळतं. पण त्या डोंगरावर दुसरा एक विषय आहे, आणि तिथे लाल शाई नाही.

घरी करून बघता येईल असं सांगते. फरशीवर साबुदाणा पसरा, त्यावर लाकडी पाट ठेवा आणि पाटावर उभे राहा. (नका राहू. या वयात खुबा मोडेल.) हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडा आणि थंडी कडक असली, की खालच्या थराचे कण साखरेसारखे सुटे, मोठे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. हा साबुदाणा. त्यावर नंतर हिमवृष्टी होते, वारा बर्फ वाहून आणतो, थापून घट्ट करतो. हा पाट. वरून सगळं सारखंच पांढरं. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल, म्हणजे घरातल्या जिन्याएवढा किंवा थोडा जास्त, तर एका माणसाच्या वजनानेही तो थर मोडतो आणि अख्खा पाट सुटतो. अशा अपघातांत बहुतेक वेळा हिमस्खलन सुरू करणारा माणूस त्यात सापडलेला स्वतः किंवा त्याच्याच गटातला असतो.

आता खरी गोम. असा धोकादायक उतारही बहुतेक वेळा सुटत नाही. दहा जण जातात, काही होत नाही. म्हणजे तुम्ही पेपरात साफ चुकीचं उत्तर लिहिलंय आणि पैकीच्या पैकी मार्क मिळालेत. वर अप्रतिम पावडर, खाली कौतुक, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ. पुढच्या वेळी तुम्ही तेच उत्तर लिहिणार, जास्त आत्मविश्वासाने. आमच्या ऑफिसात म्हणतात, चाललं म्हणजे बरोबर आहे असं नाही. पण तिथे निदान लॉग बघता येतो.

आपण आयर्विन पुलावरच्या पाण्याची पातळी ऐकत वाढलो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. हिमस्खलनाचीही अशी पातळी असते, एक ते पाच. पाचला कुणी वर जात नाही, चारला फारसं कुणी जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास निम्मे बळी तीनच्या दिवसांत जातात. मधली पातळी, ऊन छान, बर्फ छान, आणि "बघू की" म्हणायला जागा.

इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाने २००४ साली अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांचा अभ्यास मांडला. माणसं कशामुळे फसतात हे त्यात आहे. उतार ओळखीचा असतो. ठरवून आलोय तर करूच, असं वाटतं. आपल्याआधी कुणी तरी गेलेलं दिसतं. आणि गटात एक जण जाणकार असतो, बाकीचे त्याच्याकडे बघून गप्प राहतात. वाचलं तेव्हा मला डोंगर नाही, दहावी अ चा वर्ग दिसला.

गुलमर्गलाच ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्गला लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमधले १७ जवान हिमस्खलनात गेले. बर्फाशी ज्यांचा रोजचा संबंध, ती माणसं. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले. तो डोंगर मी त्याआधी कितीदा उतरले होते.

आता माझी गोष्ट. माझा चौथा हिवाळा. आम्ही पाच जण आणि उस्ताद. त्यांचा नियम असा, की कुणालाही शंका आली तर काठी वर करायची, सगळे थांबतात, कारण विचारलं जात नाही. दोरीच्या पलीकडे बराच वेळ आडवं जाऊन आम्ही एका सपाटीवर आलो. पुढे मोठा उतार, त्यावर एक ओरखडा नाही. उस्ताद बरेच पुढे, मी सगळ्यांत मागे. तेवढ्यात माझ्या पायाखालून आवाज आला. जाड गादीवर कुणी धपकन बसावं तसा, "वुम्फ", आणि मी सगळी बोटभर खाली गेले. हा आवाज काय असतो ते मला माहीत होतं. खालचा थर खचल्याचा. त्याहून स्पष्ट सूचना डोंगर देत नाही.

मी काठी वर केली नाही.

का नाही केली, याची यादी माझ्याकडे पाठ आहे. पुढचे सगळे माझ्यापेक्षा चांगले. उस्तादांनी ऐकलंच असेल. कदाचित मला भास झाला. ऊन उतरत होतं. मी काठी वर केली तर सगळे वळून माझ्याकडे बघणार. बाई, तुम्ही फळ्यावरची रीत संपवून वळायचात आणि विचारायचात, "शंका?" तीन वर्षांत माझा हात एकदाही वर गेला नाही. मला सगळं समजत होतं म्हणून नव्हे.

एकेक करून आम्ही तो उतार उतरलो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर वळणं होती, आणि हे सांगायला मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी उस्तादांच्या घरी कहवा असतो. आधी कहवा, मग एक शाळकरी वही निघते. दिवस कितीही चांगला गेला असला तरी प्रत्येकाला एकच प्रश्न, "आज ग़लत क्या हुआ?" त्या दिवशी सगळे हसले. काहीच नाही, असा दिवस पुन्हा येणार नाही. माझी पाळी आली तेव्हा मी आवाजाचं सांगितलं. हसणं थांबलं. उस्तादांनी पेला खाली ठेवला. "आवाज़ सुनी, और बोली नहीं?" एवढंच. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग वहीत त्यांनी पहिली चूक स्वतःच्या नावावर लिहिली: मी एवढा पुढे होतो की शेवटच्या माणसाचं मला काही कळलं नसतं. दुसरी माझ्या नावावर. सुटला असता तर खालच्या चौघांना कुणी उकरायचं, तेही विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

कारण तिथे मदत बाहेरून वेळेत येत नाही. प्रत्येकाच्या अंगावर एक ट्रान्सीव्हर असतो, ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवणारा. गाडलेल्याचा संदेश पकडत जवळ जायचं, लांब कांडीने टोचून जागा नक्की करायची, मग फावडं. पहिल्या दहा मिनिटांत काढलेले बहुतेक जगतात, नंतर आशा झपाट्याने कमी होत जाते. आणि सगळ्यांत जास्त वेळ उकरण्यात जातो, कारण थांबलेलं हिमस्खलन पावडर राहत नाही, सिमेंटसारखं आवळतं. उस्ताद एक ट्रान्सीव्हर गोणपाटात गुंडाळून पुरायचे आणि घड्याळ लावायचे. सराव सर्वांत जास्त माझ्याकडून करून घ्यायचे. सगळ्यांत कच्ची होते म्हणून असेल, असं मला वाटायचं. नंतर कळलं, शेवटून येणाराच बहुधा वर, मोकळा उरतो. माझी पहिली वेळ बावीस मिनिटं होती. गेल्या वर्षी आठवर आले.

गेल्याच वर्षी मी पहिल्यांदा काठी वर केली. आवाज नव्हता, काही नव्हतं. वाऱ्याने थापलेला एक तुकडा पायाला पोकळ वाटला, ढोलासारखा. सगळे थांबले. कुणी कारण विचारलं नाही, पण चेहरे दिसत होतेच. दीड तासाची चढण वाया गेली आणि आम्ही आल्या वाटेने परतलो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच एका गटाने त्या उतारावर झकास नक्षी काढली. आम्ही खालून चहा पीत बघितली. सुटला नाही. मी बरोबर होते की नाही, ते मला आजही माहीत नाही, कधी कळणारही नाही. गटातला एक जण त्यावरून अजून टोमणे मारतो. संध्याकाळी वहीत उस्तादांनी माझ्या नावापुढे काहीच लिहिलं नाही, नुसती तारीख टाकली आणि पान उलटलं.

फेब्रुवारीत पुन्हा जातेय. काल पंगतीत ज्या दोघींनी "आम्हीही येतो" म्हटलंय, त्यांनी आधी गुडघे डॉक्टरांना दाखवून घ्यावेत. आणि यायच्या आधी आठवडाभर माझ्या अंगणात फावडं चालवायला यायचं आहे. माती मी आणून ठेवते.

चहा आलाय असं मागून खुणावताहेत. कुणाला काही शंका?