जुळाऱ्यासाठी केलेल्या खुणा

इ. स. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, वामनराव लाखे प्रकाशक. तिघेही मराठी घरांतले. आरंभी त्याची छपाई रायपूरला होई. खिळ्यांच्या त्या काळात लेखक आणि जुळारी यांच्यामध्ये एक मूक भाषा चालत असे. हस्तलिखितात शब्दाखाली रेघ ओढली की तो शब्द निराळ्या टाइपात जुळवावयाचा, समासात ठरलेली खूण केली की तेथून नवा परिच्छेद धरावयाचा. लेखकाला खिळे जुळविता आलेच पाहिजेत, असे नव्हते. हाती लेखणी असली म्हणजे पुरे.

संगणकावरील ‘विकी’नेही पुढे हाच मार्ग धरला. कोणीही पान उघडावे व तेथेच दुरुस्त करावे, अशी ही व्यवस्था वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये प्रथम उभी केली. पडद्यावरील पानांची मूळ भाषा किचकट. तिच्याऐवजी हलक्या खुणा आल्या. जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मार्कडाउन’ ही त्यांतली विशेष रूढ झालेली पद्धत. शब्दाच्या दोन्ही अंगांस दोन-दोन तारका घातल्या की तो ठळक होतो. ज्या विकीला ही पद्धत ठाऊक नसते, तिला ‘प्लगइन’ नावाचा जोडभाग लावतात. तो मजकुरातील खुणा हेरतो आणि त्यांचे रूपांतर करून पान वाचकापुढे ठेवतो. जुळाऱ्याचेच काम म्हणावयाचे.

परंतु या खुणा हलक्या कोणाला? समजा, रायपुरातील कोणी मराठी गृहस्थ आपल्या संस्थेची जुनी इतिवृत्ते विकीवर उतरवू लागले. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कळफलकावर ते लिहितात. तेथे तारकेच्या जागी ‘श्र’ बसला आहे, चौकोनी कंसाच्या जागी ‘ड’, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकाराची खूण. एक शब्द ठळक करावयाचा तर कळफलक इंग्रजीत न्यावा, तारका घालाव्या, मराठीत परतावे, आणि शब्द संपताच हीच यातायात पुन्हा! रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणाऱ्याला ही अडचण सहसा जाणवत नाही. म्हणूनच बहुधा तिची चर्चाही होत नाही.

आकड्यांची गोष्ट याहून वाईट. मार्कडाउन ओळीच्या आरंभी इंग्रजी आकडा व टिंब दिसले की यादी मांडते, ‘१.’ तिला आकडाच वाटत नाही. सभेचे पाच ठराव पाच ओळींत लिहावेत, तर ते एकाच परिच्छेदात सलग होऊन बसतात.

उपाय प्लगइनच्या हातीच आहे. ० ते ९ हे देवनागरी आकडे त्याला शिकविणे फारसे कठीण नाही. ठळकपणासाठी पानावर एक बटण द्यावे. तारका तेच घालील. एक सावधगिरी मात्र हवी. हॅशचे चिन्ह मार्कडाउनमध्ये मथळा दाखविते, तर विकिपीडियाच्या पद्धतीत क्रमांकित यादी. नवा जोडभाग सरसकट सर्व पानांना लावला, तर जुन्या याद्यांतील प्रत्येक ओळ मथळा होऊन उभी राहील! यास्तव तो ज्या पानांवर मागितला जाईल तेथेच चालावा. मूळ मजकूर साधाच राहत असल्याने उद्या प्लगइन काढून टाकले, तरी ठरावांपुढे हाताने घातलेले १, २, ३ मूळ मजकुरात जसेच्या तसे सापडतील.