अमृतवचनाची कसोटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या कार्यक्रमांत बौद्धिकापूर्वी सुभाषित होते, गीत होते आणि एखादा स्वयंसेवक अमृतवचन सांगतो. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा हा विषय. 'लोकमान्य टिळक म्हणतात' किंवा 'स्वामी विवेकानंद म्हणतात' असा प्रारंभ करून पाठ केलेली दोन-तीन वाक्ये म्हटली जातात आणि सभेचे लक्ष वक्त्याच्या परिचयाकडे वळते. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, दिनदर्शिकेच्या पानाच्या तळाशी छापलेली ओळ, अलीकडे भल्या पहाटे भ्रमणध्वनीवर येऊन पडणारा संदेश, ही सारी त्याच कुळातली. वचनांचा इतका सुकाळ झाला आहे की ती कानावरून नुसती जातात. तरीही काही वाक्ये अशी आहेत की शंभर-दीडशे वर्षे लोटली तरी ती उच्चारताच सभा सावरून बसते. या वाक्यांतील शब्द पाहू गेल्यास अगदी साधे आहेत. मग हे सामर्थ्य येते कोठून?

झाशीच्या राणीचे वाक्य घ्यावे. 'मेरी झाँसी नहीं दूँगी' म्हटले की डोळ्यांपुढे घोडा येतो, पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र येतो, उपसलेली तलवार येते. वस्तुतः या वाक्याची जी नोंद उपलब्ध आहे, ती रणांगणावरची नाही. ती एका वकिलाशी झालेल्या बोलण्यातली आहे. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव निवर्तले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी शास्त्रोक्त दत्तकविधान केले होते; डलहौसीने ते नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. तेव्हा राणीने ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या जॉन लँग या बॅरिस्टराला झाशीला बोलावून घेतले. राणी पडद्याआड बसली होती. लँगने सल्ला दिला की तूर्त निषेध नोंदवून तनखा स्वीकारावा आणि विलायतेत दाद मागावी. त्यावर राणीच्या तोंडून आलेले हे उत्तर लँगने पुढे आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले. त्याने ते 'मेरा' आणि 'देंगे' असे लिहिले आहे. व्याकरणातले ते वैगुण्य राणीच्या मराठी वळणाचे की लँगच्या कानाचे, हा वाद पंडितांकडे सोपवावा.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. उठावाला अजून तीन वर्षे होती. हाती सैन्य नव्हते, किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहण्याची वेळ आली होती. अशा स्थितीत एक तरुण विधवा कायद्याची भाषा जाणणाऱ्या माणसासमोर आपला नकार नोंदवते, अर्जांमागून अर्ज करते, ते सारे फेटाळले जातात. आणि मगच तलवार येते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला राणीने देह ठेवला, तेव्हा १८५४ चे ते वाक्य पूर्ण झाले. हा चार वर्षांचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडी ते अर्ध्या मिनिटाचे अमृतवचन वेगळेच वजन घेऊन येते.

दुसरे उदाहरण लोकमान्यांचे. 'केसरी'तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला १३ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात उभा राहिला. न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. न्यायाधीश झाल्यावर मात्र त्यांनी टिळकांना जामीन नाकारला. काळाचे असे विनोद कादंबरीकाराला सुचत नाहीत. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि त्यासाठी ते सुमारे एकवीस तास बोलले. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय होते आणि दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा दोषित्वाचा निर्णय आला. काही सांगायचे आहे काय, असे विचारल्यावर टिळक जे बोलले ते दोन-तीन वाक्यांहून अधिक नव्हते. ज्यूरीने काहीही ठरवले तरी आपण निरपराध आहोत. माणसांचे आणि राष्ट्रांचे भवितव्य नियंत्रित करणारी या न्यायासनाहून श्रेष्ठ अशी शक्ती आहे. आणि आपण मोकळे राहण्यापेक्षा आपण सोसलेल्या यातनांनीच अंगीकृत कार्य अधिक फोफावावे, अशी त्या ईश्वराची इच्छा असेल, असा त्याचा आशय होता. त्यानंतर सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली.

येथे क्षणभर थांबावे. त्या वेळी टिळकांचे वय बावन्न वर्षांचे होते, मधुमेह जडलेला होता. सहा वर्षांनी आपण जिवंत परत येऊ, याची खात्री त्यांना असण्याचे कारण नव्हते. मंडालेच्या तुरुंगात असतानाच १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्या. पत्नीचे अंत्यदर्शनही झाले नाही. त्याच लाकडी कोठडीत 'गीतारहस्य' लिहिले गेले. इकडे शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस. ज्या न्यायालयाने टिळकांना गुन्हेगार ठरवले, त्याच न्यायालयाच्या इमारतीत १९५६ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ती वाक्ये संगमरवरावर कोरून लावण्यात आली आणि तिचे अनावरण मुख्य न्यायाधीश छागला यांच्या हस्ते झाले. निकाल देणाऱ्यांचे शब्द कागदपत्रांत राहिले, आरोपीचे भिंतीवर आले.

'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच' ही घोषणा त्यानंतरची, होमरूल चळवळीच्या काळातली. ही शब्दयोजना टिळकांना काका बॅप्टिस्टा यांनी सुचवली, असेही सांगितले जाते. तसे असले म्हणून काय बिघडले? १९१६ साली हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारले असते तर ते एक चांगले वाक्य ठरले असते. मंडालेहून परतलेल्या माणसाने ते उच्चारले, म्हणून ती राष्ट्राची प्रतिज्ञा झाली.

वचनामागे जीवन असेल तरच वचनाला मोल, हे एकदा मान्य केले की एक अडचणीचा प्रश्न पुढे येतो. ज्या वचनामागे असा क्षणच नाही, जे त्या माणसाने कधी उच्चारलेच नाही, त्याचे काय करायचे? हा प्रश्न आपल्यालाच विचारायचा आहे, कारण अशी वचने आपल्याही व्यासपीठांवरून सांगितली गेली आहेत.

मेकॉलेचे तथाकथित भाषण सर्वांच्या परिचयाचे आहे. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये तो म्हणाला म्हणे की, आपण भारतभर हिंडलो, तेथे एकही भिकारी वा चोर दिसला नाही, आणि या देशाचा कणा मोडायचा असेल तर त्याची प्राचीन शिक्षणपद्धती बदलली पाहिजे. फलकांवर, पत्रकांवर, पुस्तिकांत हे अवतरण वर्षानुवर्षे छापले गेले. परंतु त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हता. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा विधी-सदस्य म्हणून तो कोलकात्यात होता. जून १८३४ मध्ये तो मद्रासला उतरला, बेंटिंकला भेटण्यासाठी उटकमंडला गेला, काही महिने तेथे राहिला आणि जलमार्गाने कोलकात्याला पोहोचला. भारतभर हिंडण्याचा प्रश्नच नव्हता. १८३८ पर्यंत तो या देशातच होता. ज्या काळात विलायतेला पत्र पोहोचायला काही महिने लागत, त्या काळात तो एकाच दिवशी दोन्हीकडे असणे शक्य नव्हते.

ही तारीख मात्र खरी आहे, आणि येथेच खरी हळहळ वाटते. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने लिहिले ते शिक्षणविषयक टिपण. ते उपलब्ध आहे आणि कोणालाही वाचता येते. त्यात तो स्वतःच कबूल करतो की आपल्याला संस्कृत येत नाही, अरबीही येत नाही. आणि लगेच असा निर्वाळा देतो की चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एक फळी भारत आणि अरबस्तान यांच्या समग्र वाङ्मयाच्या तोडीची आहे. रक्ताने आणि वर्णाने हिंदी, परंतु अभिरुचीने, मतांनी, नीतिकल्पनांनी आणि बुद्धीने इंग्रज, असा एक वर्ग घडवावा, हे उद्दिष्टही तो तेथेच मांडतो. ७ मार्च १८३५ रोजी बेंटिंकने त्याला अनुसरून आदेश काढला. एवढा निःसंदिग्ध पुरावा मेकॉलेने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला असताना, त्याच्या तोंडी भारताची खोटी स्तुती घालण्याची आवश्यकता काय होती? महाविद्यालयाच्या चर्चेत आपला तरुण कार्यकर्ता ते बनावट अवतरण मोठ्या विश्वासाने सांगतो, समोरचा अभ्यासू विद्यार्थी फक्त तारीख आणि ठिकाण विचारतो, आणि मग खऱ्या टिपणाबद्दल बोलण्याचाही अधिकार आपल्या कार्यकर्त्याकडे उरत नाही. खोट्या साक्षीदारामुळे खरा दावा बुडतो, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मेकॉलेचे आणखी एक अस्सल वाक्य आहे, आणि ते तर आपण वारंवार सांगायला हवे. १२ ऑक्टोबर १८३६ रोजी वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, आपल्या शिक्षणयोजना नीट राबवल्या गेल्या तर तीस वर्षांनी बंगालच्या प्रतिष्ठित वर्गांत एकही मूर्तिपूजक शिल्लक राहणार नाही. त्याच १८३६ च्या फेब्रुवारीत कामारपुकुर या खेड्यात रामकृष्णांचा जन्म झाला होता. १८५५ मध्ये राणी रासमणीने कोलकात्याजवळ दक्षिणेश्वरचे कालीमंदिर उभे केले. मेकॉलेने दिलेली तीस वर्षांची मुदत संपायला तीन वर्षे असताना, १२ जानेवारी १८६३ रोजी, त्याच कोलकात्यातील एका सुशिक्षित वकिलाच्या घरी नरेंद्रनाथ जन्माला आला. तो मेकॉलेच्याच शिक्षणपद्धतीत शिकला, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचून दक्षिणेश्वरला गेला आणि कालीमातेपुढे नतमस्तक झाला. लोकमान्यही डेक्कन कॉलेजचेच पदवीधर. ही हकीकत कोणत्याही रचलेल्या भाषणापेक्षा अधिक बोलकी आहे, आणि तिच्यातली एकही तारीख खोटी नाही.

बनावट वचनांचा रोग जगभर आहे. मत मान्य नसले तरी ते मांडण्याच्या हक्कासाठी प्राण देण्याची तयारी दाखवणारे वाक्य व्हॉल्तेरच्या नावावर खपते. ते एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने १९०६ मध्ये, व्हॉल्तेरच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, त्याच्या वृत्तीचे सार म्हणून लिहिले. जगात हवा असलेला बदल आधी स्वतः व्हा, हे गांधीजींच्या नावे भिंतीभिंतींवर दिसणारे वाक्य त्यांच्या संकलित वाङ्मयाच्या शंभर खंडांत त्या रूपात नाही.

लोकस्मृतीतील वचनांचा प्रकार मात्र वेगळा मानावा. 'गड आला पण सिंह गेला' हे महाराजांचे उद्गार मराठी माणसाच्या रक्तात आहेत. सिंहगड हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रातही आढळते, असे इतिहासाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे तानाजीच्या बलिदानावरून किल्ल्याचे नाव बदलले, ही कथा टिकत नाही. तानाजी टिकतो. त्या रात्री तो गडावर चढला, लढला आणि पडला, याबद्दल कोणाचे दुमत नाही. ती ओळ सांगताना 'परंपरा असे सांगते' एवढे दोन-तीन शब्द जोडले तर तेजाची यत्किंचितही हानी होत नाही.

राहिला अर्धवट वचनांचा प्रकार, आणि तो सर्वांत फसवा, कारण त्यात खोटे काहीच नसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत केलेले भाषण पाहावे. दाहीरच्या सेनापतींची फितुरी, जयचंदाने घोरीला दिलेले निमंत्रण, शिवराय लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठे सरदार, यांचे स्मरण देऊन त्यांनी विचारले की पक्षाने आपले मत देशापेक्षा मोठे मानले तर इतिहासाची पुनरावृत्ती होणार नाही काय. हा भाग आपल्याकडे आवडीने सांगितला जातो. त्याच भाषणात ते म्हणतात की राजकारणातील व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते. आणि राजकारणात समता पण सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त होईल. हा भाग दुसऱ्या बाजूचे लोक सांगतात. भाषण एकच आहे. जातिभेदाच्या विषमतेविरुद्ध समरसतेचे काम करू इच्छिणाऱ्याने तर ते अखंड वाचले पाहिजे, न आवडणाऱ्या परिच्छेदांसह.

यावर कोणी विचारील की खोटा संदेश एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्यानेच पाठवला असेल तर काय करावे? ज्यांनी आपल्याला शाखेत बोट धरून नेले, त्यांना चारचौघांत खोडायचे कसे? चारचौघांत खोडूच नये. समूहात उत्तर टाकण्याऐवजी संध्याकाळी त्यांच्या घरी जावे, सोबत मेकॉलेचे मूळ टिपण न्यावे आणि म्हणावे, "काका, तुम्ही पाठवलेल्या भाषणापेक्षा हे अधिक जहाल आहे, एकदा पाहता का?" आयुष्यभर कार्यासाठी झिजलेला माणूस पुरावा हाती आल्यावर नाराज होत नाही, उलट पुढच्या बैठकीत तोच ते वाचून दाखवतो. आणि पुढच्या उत्सवाचे अमृतवचन ज्याच्याकडे असेल, त्याने ते जुन्या वहीतून न उतरवता विवेकानंदांच्या ग्रंथावलीतून, सावरकरांच्या समग्र वाङ्मयातून किंवा महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकर-खंडांतून स्वतः शोधावे, मागचे-पुढचे पान वाचावे, आणि सांगताना सन व स्थळही सांगावे. मेकॉलेचे ते टिपण वाचायला तर तासाभराहून अधिक वेळ लागत नाही.