पार्सल आलं, आता आपणही बसू या

आम्ही शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. मागं आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो, शेळ्यांच्या लसीवर बोललो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आपण मोमोबद्दल बोलणार आहोत. गाडीवरून पार्सल आणून घरी बसून खायचे मोमो.

आपल्या भागातून दोन मोठे रस्ते जातात. शिरूरवरून पुणे-नगर आणि दौंड तालुक्यातून पुणे-सोलापूर. रांजणगावला एमआयडीसी, कुरकुंभला एमआयडीसी, दौंडला रेल्वेचं जंक्शन. नाना मुलखांतली माणसं इथं कामाला येतात आणि खाण्याचे नवे प्रकारही येतात. भेळ आणि वडापावच्या गाडीशेजारी आता एका उंच भांड्यातून वाफा निघताना दिसतात. ते मोमो.

आमच्यातल्या एकीची लेक कंपनीत कामाला जाते. पगाराच्या दिवशी तिनं येताना दोन प्लेट मोमो आणले. एका प्लेटीत सहा, म्हणजे झाले बारा. घरात माणसं सहा. सासू, सासरे, नवरा, लेक, मुलगा आणि ही. हिशेबानं प्रत्येकाच्या वाट्याला दोन. पण ही चुलीपुढं भाकरी थापत होती. शेवटची भाकरी उतरवून हात धुऊन आली, तोवर डब्यात फक्त लाल चटणी उरलेली. तिनं भाकरीच्या तुकड्यानं ती पुसून खाल्ली. लेकीला वाईट वाटलं. म्हणाली, "आई, तुझे दोन कुणी खाल्ले गं?" तर ही म्हणते, "जाऊ दे, मला नाही आवडत असलं काही."

न खाताच आवडत नाही!

गटाच्या बैठकीत तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही आधी खूप हसलो. मग हळूहळू एकेक जण बोलायला लागली. एकीला जिलेबी आवडत नव्हती, एकीला आइस्क्रीम, एकीला माशाचा मधला तुकडा. खोदून विचारलं तर कळलं, आवडत सगळ्यांनाच होतं. पुरत नव्हतं, म्हणून आवडत नव्हतं. बैठक संपायला त्या दिवशी उशीर झाला.

आता हा पदार्थ काय आहे ते बघू. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो परका वाटतो, पण तसा तो परका नाही. नागपंचमीला आपण काय करतो? त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून कणकेची पारी लाटून त्यात पुरण भरतो, चौकोनी घडी घालतो आणि चाळणीवर उकडतो. वर साजूक तूप. हे झाले आपले दिंड. कोकणात तांदळाच्या उकडीचे मोदक करतात, तीही तीच रीत. पारी, सारण आणि वाफ.

मोमो हे तिबेट-नेपाळकडचे. दार्जिलिंग, सिक्कीमकडूनही ते खाली आले आणि देशभर पसरले. त्यांची चीनमधली भावंडं म्हणजे डिम सम. दक्षिण चीनच्या कँटन भागात सकाळी चहाबरोबर बांबूच्या लहान लहान टोपल्यांत वाफवलेले हे पदार्थ मांडतात आणि घरची सगळी माणसं एका टेबलाभोवती बसून वाटून खातात. डिम सम या शब्दाचा अर्थ साधारण असा की, मनाला जरासा स्पर्श. नाव ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. पोट भरण्यासाठी भाकरी आहेच. हे मनासाठी.

मग आम्ही ठरवलं. महिन्यातून एकदा, ज्याला परवडेल त्यानं, पार्सल आणायचं. पण आणायची काही रीत ठेवायची.

पहिली गोष्ट, घरून स्टीलचा डबा न्यायचा. गरम पदार्थ पातळ प्लास्टिकच्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात घ्यायचा नाही. छपाईची शाई अन्नाला लागते. आत काय भरलंय ते विचारायचं. कोबी-गाजर, पनीर की चिकन? तुमचा गुरुवार असेल तर दोन्हींचं भांडं वेगळं आहे का, हेही विचारायचं. विचारण्यात लाज नाही, पैसे आपण देतो.

दुसरी गोष्ट, पांढऱ्या मेयोनीजची. ते कच्च्या अंड्याचं असलं आणि गाडीवर उन्हात राहिलं तर त्यातून विषबाधा होऊ शकते. तेलंगण सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती. आपण ते सोडूनच द्यावं. घरी लसूण-मिरचीची चटणी आपण त्यांच्याहून झकास करतो. लेकरांसाठी थोडं दही.

तिसरी गोष्ट, घरी येईस्तोवर मोमो गार होतात, पारी वातड होते. मोदकपात्र काढा, नसेल तर पातेल्यात पाणी उकळून वर चाळण ठेवा. चाळणीला तेलाचं बोट फिरवा किंवा कोबीचं पान अंथरा. मोमो एकमेकांना चिकटू न देता मांडा आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटं चांगली वाफ काढा. आणल्यावर दोन तासांच्या आत खाऊन संपवा. रात्रीचे उरलेले बाहेर ठेवून सकाळी लेकरांच्या डब्यात देऊ नका.

खर्चाचंही बोलू. आम्ही आणले तेव्हा प्लेट साठ रुपयांना होती. दोन प्लेटी म्हणजे एकशेवीस. खुरपणीला जाणारीला ते थोडे नाहीत. शिवाय पारी मैद्याची. म्हणून हे रोजचं जेवण नव्हे. सोबत मुगाचं कढण किंवा काकडीची कोशिंबीर ठेवली की झालं.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. पार्सलच्या दिवशी भाकरी आधी थापून ठेवायची. ताटं मांडायची, मोजून वाढायचं, आपलंही ताट मांडायचं आणि सगळ्यांबरोबर बसायचं. डबा उघडायचा तो आपण बसल्यावर.

आमच्या त्या मैत्रिणीनं पुढच्या महिन्यात तसंच केलं. सासूबाई आधी कुरकुरल्या, "पैसे उधळायची थेरं ही." मोदकपात्राचं झाकण निघालं तशी वाफ वर आली. सासूबाईंनी एक तोडून तोंडात टाकला, थोडा वेळ चावला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर तिखट दिंडच की!" मग आपल्या ताटातला दुसरा त्यांनी सुनेच्या ताटात ठेवला. म्हणाल्या, "घे, मागल्या वेळचा तुझा राहिलाय."

ती सांगत होती, मोमो तसे बरे होते, मीठ जरा कमी होतं. पण गरम होते. लग्नाला बावीस वर्षं झाली, सगळ्यांबरोबर बसून गरम खाल्लं असं फार थोड्या वेळा झालं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे मोमोची गाडी नसेल. मग भजी आणा, भेळ आणा, घरी हुलग्याचे शेंगोळे करा. फक्त एक आठवून बघा. "मला नाही आवडत" असं तुम्ही कशाकशाला म्हणत आलात? पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा. आम्ही तर यादीच केली आहे.

येतो आता. रामराम!