मीठ, साखर आणि शेजार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



घरात लहान मुलाला जुलाब सुरू झाले की आपण जलसंजीवनीची पुडी आणतो. पुडी नसली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजतो. इतका साधा हा उपाय. पण त्याच्यामागे ढाका आणि कोलकाता या दोन शेजारी शहरांतले संशोधन उभे आहे. शेजारी देशांनी मिळून संशोधन केल्याने काय साधते, असे कुणी विचारले तर याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा रोगी दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार काही तासांत निघून गेल्यामुळे. पटकीचे जंतू एक विष तयार करतात आणि त्या विषामुळे हे घडते, हे कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. पुढच्याच वर्षी ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, अमेरिकेच्या मदतीने पटकी संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी स्थानिक सहकाऱ्यांसह १९६८ मध्ये सिद्ध केले की, ग्लुकोज आणि क्षार घातलेले पाणी प्यायला दिले तर रोगी सावरतो. ग्लुकोज आतड्यातून आत शिरताना मिठाला बरोबर नेते आणि मिठामागून पाणी जाते. पटकीत ही वाट शाबूत राहते. त्यामुळे शिरेतून द्याव्या लागणाऱ्या सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

तीन वर्षांनी, १९७१ मध्ये, या ज्ञानाची खरी परीक्षा झाली. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सीमेलगतच्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचे सलाइन संपत आले. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाणी पाजायला सांगितले. छावणीतील मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. ढाक्यात लागलेला शोध ढाक्याकडून आलेल्या माणसांच्याच उपयोगी पडला, पण तो भारताच्या भूमीवर.

पुढे बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासून दहा वर्षे घरोघर फिरल्या. चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसा घालायचा, हे त्यांनी एक कोटीहून अधिक कुटुंबांतल्या बायकांना शिकवले. आपल्याही खेड्यांतल्या घरांसारखीच ती घरे. तेथे जे जमले ते येथेही जमण्याजोगे होते.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे शास्त्रज्ञ आहेत, पैसा आहे. शेजाऱ्यांची गरज काय? गरज अशी की, रोग दोघांचा एकच आहे. १९९२ मध्ये पटकीच्या जंतूचा एक नवा प्रकार प्रथम चेन्नईत आढळला आणि काही महिन्यांत तो कोलकात्यावरून बांगलादेशात पोचला. त्याला शास्त्रज्ञांनी नावही 'बेंगॉल' असेच दिले. अशा वेळी एकाचे निरीक्षण दुसऱ्याला वेळेवर कळले तर माणसे वाचतात. शिवाय आपली अडचणही एकच: रोगी फार, सलाइन थोडे. जेथे सलाइन मुबलक, तेथे स्वस्त उपायाची निकड कुणाला भासणार?

पटकीच्या लशीचेही तसेच झाले. मूळ स्वस्त लस व्हिएतनामने तयार केली. सोलच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तिच्यात सुधारणा केली. २००६ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत तिची मोठी चाचणी झाली आणि पाच वर्षे सुमारे ६५ टक्के संरक्षण मिळते असे दिसले. हैदराबादच्या कंपनीने ती बनवली आणि २०११ पासून ढाक्याच्या मीरपूर भागात ती हजारो लोकांना देऊन पाहिली गेली. एकट्या देशाला हे सारे करायला किती वर्षे लागली असती?

तरीही ही देवाणघेवाण बऱ्याचदा तिसऱ्याच्या मध्यस्थीने होते. साठच्या दशकात ढाका आणि कोलकाता या दोन्ही ठिकाणी अमेरिकी संशोधक काम करीत होते. त्यांच्यामुळे एकाचे काम दुसऱ्याला कळले. आजही सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही. राजकारणातले मतभेद मिटायला वेळ लागेल, हे मान्य. पण संशोधकाला व्हिसा वेळेवर मिळावा, साथीची माहिती त्याच आठवड्यात शेजाऱ्याला कळावी, दोन देशांच्या विद्यार्थ्यांनी एका प्रयोगशाळेत काम करावे, यासाठी शिखर परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही. साथ तशी वाट पाहत नाही.