अकरा महिने उभी असलेली स्प्लेंडर



डिसेंबरची तिकिटं काढून झाली असतील. कुणाला काय न्यायचं याच्या याद्याही सुरू झाल्या असतील. त्या यादीत आज एक ओळ वाढवूया: गावी जिन्याखाली उभी असलेली मोटारसायकल.

बऱ्याच घरांत ती स्प्लेंडर असते. आमच्या कराडच्या घरीही आहे. हीरो होंडाने १९९४ साली ही गाडी आणली. ९७.२ सीसीचं, हवेवर थंड होणारं साधं इंजिन. वेळेवर तेल बदललं आणि चेन ताणून घेतली की वर्षानुवर्षं कुरकुर नाही. फार चालली की टायमिंग चेन कटकट आवाज करते, क्लच प्लेट झिजतात, हँडलचा कोनसेट सैल होतो. पण सुटे भाग तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. म्हणून आपण बिनधास्त म्हणतो, स्प्लेंडरला काय होतंय? रोज चालणाऱ्या स्प्लेंडरबद्दल ते खरंच आहे. अकरा महिने उभ्या असलेल्या गाडीचं गणित मात्र वेगळं आहे.

कुठल्याही यंत्रात काही भाग वापराने झिजतात, तर काही नुसत्या वयाने. पिस्टन, क्लच, चेन हे पहिल्या प्रकारातले. रबर, पेट्रोल, बॅटरी आणि तेल दुसऱ्या प्रकारातले. मीटरवर बावीस हजारच किलोमीटर दिसतात म्हणून आपण खूश होतो. पण हे दुसरे भाग मीटर बघत नाहीत, कॅलेंडर बघतात.

पेट्रोलपासून सुरुवात करू. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पाणी टाकीच्या तळाशी बसतं, तिथून गंज चढतो. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि बारीक जेट बुजतो. मग गाडी चोकवर चालू होते, चोक काढला की बंद पडते. हा त्रास २०२० च्या आधीच्या, म्हणजे कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांचा.

गाडी चालू न होणं ही झाली गैरसोय. खरी भीती चालू झालेल्या गाडीची असते. पावसाळ्याच्या ओलीने ब्रेकच्या ड्रमला गंज चढतो, लायनर फिरवणारा कॅम जाम होतो. ब्रेक उशिरा लागतो, किंवा लागला की सुटत नाही. टायरची नक्षी खोल असते, पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर मेकॅनिककडून नीट तपासून घ्या, दहा वर्षांपुढचा असेल तर बदलाच. मागे आई किंवा भाची बसणार आहे, हे लक्षात ठेवा.

घरी कुणीतरी काका दर रविवारी गाडी स्टँडवर पाच मिनिटं चालू ठेवतात. हेतू चांगला, पण एवढ्यात इंजिन नीट तापत नाही. धुरातलं पाणी सायलेन्सरमध्ये साठतं, थोडं तेलातही मिसळतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणलेली बरी. कुणी फिरवणारच नसेल तर निघताना टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि बॅटरीची वायर काढून ठेवा.

इथे ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी होते, त्यामुळे कुणीतरी ब्रेक तपासलेत असं आपण गृहीत धरतो. भारतात खासगी दुचाकीला पहिली पंधरा वर्षं अशी तपासणी नसते. पीयूसीमध्ये फक्त धूर बघतात, ब्रेक नाही. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. ती मुदत आणि विम्याची तारीख फोटो मागवून आत्ताच बघा. स्वतः चालवणार असाल तर भारतीय लायसन्स चालू आहे ना, तेही बघा. आंतरराष्ट्रीय परवाना नेणार असाल, तर त्यावर मोटारसायकलचा वर्ग हवा. नुसता कारचा चालत नाही.

जाण्याआधी तीन आठवडे गाडी गावच्या मेकॅनिककडे पाठवा. "सर्व्हिसिंग करा" एवढंच सांगू नका. जुनं पेट्रोल काढणं, कार्ब्युरेटर साफ करणं, दोन्ही ड्रम उघडून लायनर आणि कॅम बघणं, ब्रेकच्या आणि क्लचच्या केबल, टायर-ट्यूब, इंजिन ऑइल, बॅटरी, अशी यादी व्हॉट्सॲपवर पाठवा. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर नाही ना, तेही बघायला सांगा.

आणि शेवटचं, जरा अवघड. ती गाडी बाबांची आठवण म्हणून ठेवली असेल, तर विकवत नाही, हे मी समजू शकतो. पण जिन्याखाली ती दरवर्षी थोडी थोडी खराबच होते. घरातला एखादा भाचा कॉलेजला किंवा कामाला जात असेल, तर रीतसर त्याच्या नावावर करून द्या. रोज चालेल, वेळेवर तेल मिळेल, आणि डिसेंबरमध्ये तुम्ही मागितलीत तर तो नाही म्हणणार नाही.

प्रवास सुखाचा होवो. हेल्मेट मात्र दोघांनीही घाला.