हात वर जायलाच हवा
(यवतमाळ जिल्ह्यातील एका महिला मेळाव्यात केलेले भाषण)

स्तनाच्या कर्करोगाविषयी बोलायचे म्हटले की आपण गाठ कशी ओळखावी, ते सांगतो. आज मी त्याच्या पुढचे बोलणार आहे. शस्त्रक्रिया होते, टाके निघतात, बाई घरी येते. सगळे म्हणतात, "वाचली बिचारी." त्यानंतर तिच्या हाताचे काय होते?

आपला जिल्हा कापसाचा. वेचणी बायकाच करतात आणि मजुरी किलोवर मिळते. घरी आल्यावर पाणी, धुणे, भाकरी आहेच. असा हात खांद्यात धरला तर त्या बाईचे काय? कामात भेटलेली एक बाई म्हणाली, "ताई, जखम तर भरली जी, पण हात वरतं जातच नाही. वेणी पोरगी घालून देते." हात हलवायचा असतो हे तिला दवाखान्यात कोणी सांगितले नव्हते. घरच्यांनी मायेपोटी तो फडक्याने गळ्यात बांधून ठेवला होता.

पूर्वी या शस्त्रक्रियेत छातीचे स्नायूही काढत. आता बहुतेक वेळा ते राखले जातात. मग हात का आखडतो? छातीवरचा आणि काखेतला व्रण भरताना आवळत जातो. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर कधीकधी काखेपासून हातापर्यंत ताणलेल्या दोरीसारखे काही लागते. दुखते म्हणून बाई हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून खांदा आणखी धरतो. एक कारण मात्र केसपेपरवर कधीच नसते, ते म्हणजे लाज. एक बाजू सपाट झालेली दिसू नये म्हणून ती पदर ओढून, खांदे पुढे घेऊन वाकून चालते. मैत्रिणींनो, ही लाज तिची नाही, आपण तिच्यावर लादलेली आहे.

यात तिच्या उपचाराचाही प्रश्न आहे. किरणोपचाराच्या वेळी, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, हात डोक्याच्या वर ठेवून स्थिर पडावे लागते. हात वर जात नसेल तर तिथेच अडते.

मग करायचे काय? डॉक्टरांना विचारून साधारण दुसऱ्या दिवसापासून मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकवणे, सावकाश दीर्घ श्वास घेणे सुरू करावे. नळी निघेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. पुढे उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरावी आणि हळूहळू डोक्यामागे न्यावी. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढावी, जिथे बोट पोहोचले तिथे कोळशाने खूण करावी. आठवड्याने खूण कुठे गेली ते पाहावे. ताण जाणवला तर चालेल, पण कळ आली तर थांबावे. शेक संपल्यावरही खांदा आखडू शकतो, म्हणून व्यायाम सोडू नये.

याला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये खांदा आखडण्याचा धोका जास्त असलेल्या 392 बायकांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांत शिकवून व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षभराने इतरांपेक्षा चांगला चालत होता.

दुसरी भीती सुजेची. बांगडी घट्ट होऊ लागली की समजावे, सूज येते आहे. लगेच दाखवावे. पऱ्हाटीचे ओरखडे, चुलीचा चटका यांना जपावे. हात लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पण 'जन्मभर वजन उचलू नको' हा जुना सल्ला खरा ठरलेला नाही. सूज असलेल्या बायकांनीही देखरेखीखाली थोडे थोडे वजन वाढवत नेले तर सूज वाढत नाही, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसले. म्हणजे हंडा पहिल्या दिवशी नको, पण आधी तांब्या, मग कळशी, असे जाता येते.

कोणी म्हणेल, बाई घरात राबते, तोच व्यायाम झाला. नाही! भाकरी थापताना हात खांद्याच्या वर जात नाही. व्यायामाला दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे हवीत. नवऱ्याचे हाड मोडले तर त्याच्या मालिशीला घरात वेळ निघतो. मग बाईला ही मिनिटे कोण देणार? तेवढा वेळ चूल कोण पाहणार? हा प्रश्न घरातच विचारावा लागेल.

आपल्या बायका उपचारासाठी नागपूरला, सेवाग्रामला जातात. तिथून निघताना प्रत्येकीला व्यायाम करून दाखवला जावा, चित्रांचा मराठी कागद हातात मिळावा. गावातल्या आशाताईला हे शिकवले जावे. ही मागणी आपण लेखी करू. आणि तोवर आपल्या गावात अशी कोणी असेल तर बचत गटातल्या दोघींनी तिच्या घरी जावे, भिंतीशी तिच्या सोबत उभे राहावे आणि कोळशाची पहिली खूण करून यावे.